कोठावळ्याचं औषध

मी वजनमापे कार्यालयात निरीक्षक आहे. सत्तावीस वर्षांत माझ्या हातून एकाही खोट्या वजनावर शिक्का बसलेला नाही. तराजूत पाच ग्रॅमचा फरक निघाला तर मी तो जप्त करतो, मग दुकानदार ओळखीचा असो, नात्यातला असो की दोन्ही असो. (माझ्या मेव्हण्याचं दुकान आहे. आमचं जाणं-येणं नाही.) हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही माझ्याबद्दल भलतंच मत करून घ्याल. आमच्या इमारतीने करून घेतलंच आहे.

झालं असं की आईच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे वाचन बंद, मग नवा चष्मा. आता माझी आई म्हणजे पुडी बांधून आलेला कागदसुद्धा उलगडून वाचणारी बाई. औषधाच्या बाटलीवरचा मजकूर ती औषध संपल्यावरही वाचते. तिसऱ्या दिवशी ती गॅलरीत बसून समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले कपडे मोजायला लागली. माझी बायको दवाखान्यात नर्स आहे, दुपारपाळीला असते. निघता निघता ती म्हणाली, "अहो, संध्याकाळी त्यांना काहीतरी वाचून दाखवा. आज समोरचे मोजतायत, उद्या आपले मोजतील."

"जाडजूड काहीतरी घे," आई म्हणाली. "सहा आठवडे पुरायला हवं."

घरात जाड अशा दोनच गोष्टी होत्या. एक आमच्या खात्याची नियमपुस्तिका आणि दुसरी लेकीची कादंबरी. लेक परगावी वसतिगृहात राहून शिकते, पण तिची ही कादंबरी सहा खंडांत आमच्या कपाटात राहते. सातवा खंड यायचाय. तो गेली बारा वर्षं यायचाय. मी नियमपुस्तिका काढली होती, पण दुसऱ्या प्रकरणाला आई झोपली आणि उठल्यावर म्हणाली, "दुसरं बघ."

कादंबरी राजा-राणीची, जादूची. एक राणी आहे, तिचा किल्ला आहे, आणि नदीपलीकडे धुक्यातून येणारा एक शत्रू आहे. या सगळ्यात एक कोठावळा आहे. कोठावळा म्हणजे किल्ल्यातल्या धान्यकोठाराच्या चाव्या ज्याच्या कमरेला असतात तो माणूस. हा गडी राणीशी गोड बोलतो, धुक्यातल्यांशीही गोड बोलतो, आणि शेवटी नक्की कुणाचा हे सहा खंड संपले तरी कळत नाही. जगभरात त्याचे चाहते आहेत. त्यांचे दोन पक्ष आहेत, निष्ठावंत आणि गद्दार. निष्ठावंत म्हणतात तो आतून राणीचा, गद्दार म्हणतात तो पहिल्यापासून फितूर. माझी लेक कट्टर गद्दार पक्षाची. तिने वसतिगृहाच्या भिंतीवर पुराव्यांचे कागद चिकटवलेत आणि ते दोऱ्याने एकमेकांना जोडलेत, असं तिच्या खोलीतली मुलगी काकुळतीने सांगत होती.

पहिला खंड सुरळीत पार पडला. लढाया मी गाळत असे. आईला लढायांत रस नव्हता. ती म्हणे, "कोण जेवलं आणि कोण उपाशी राहिलं तेवढं वाच." कोठावळा तिला फार आवडला. लोकांच्या जेवणाची काळजी वाहणारा माणूस वाईट असूच शकत नाही, असं तिचं मत. त्यातून त्याची एक आंधळी म्हातारी आई होती. मग काय, विचारूच नका.

दुसऱ्या खंडाच्या एकशे बाराव्या पानावर हा कोठावळा आपल्या आंधळ्या आईला वेशीच्या दगडावर बसवतो, "आलोच" म्हणतो आणि नदी ओलांडून शत्रूकडे निघून जातो.

मी ते पान आधी डोळ्यांनी वाचलं आणि थांबलो.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्याच दिवशी कार्यालयात माझ्या हातात बदलीचा हुकूम पडला होता. बढतीवर बदली, पाच तासांच्या अंतरावर, पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हायचं. तिथे मिळणारं सरकारी घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आईचे गुडघे बघता तिला तिकडे नेणं अशक्य. म्हणून मी मनाशी ठरवून टाकलं होतं की आईला थोरल्या दादाकडे ठेवायचं. दादा चांगला आहे. वहिनीही चांगली आहे, लांबून. आईला हे सांगायचं कसं, याचा विचार करत मी घरी आलो होतो आणि हुकुमाची चौघडी करून, खूण म्हणून, त्याच पुस्तकात घातली होती.

तर समोर डोळ्याला पट्टी बांधून आई बसलेली, आणि पुस्तकात कोठावळा आईला वेशीवर बसवून चाललेला. मला ते वाचवेना.

"काय झालं रे? थांबलास का?"

"काही नाही. शाई पुसट आहे जरा," मी म्हणालो, आणि पुस्तकावर नजर ठेवून वाचायला लागलो, "कोठावळा म्हणाला, आई, तुझ्या डोळ्यांचं औषध नदीपलीकडे मिळतं. ते घेऊन मी आलोच."

"बघ!" आई म्हणाली. "मी म्हटलं नव्हतं?"

मी पुस्तक मिटलं. सत्तावीस वर्षांची नोकरी एका वाक्यात पाण्यात गेली.

खोट्याचं असं असतं की एक बोलून भागत नाही. एक बोललं की त्याला सोबत लागते. औषध आणायला गेलेला माणूस तिसऱ्या खंडात शत्रूला किल्ल्याचा दरवाजा उघडून देतो, आता याचं काय करायचं? मी एक वैद्य निर्माण केला. तो शत्रूच्या सैन्यात अडकला होता, त्याला आत घेण्यासाठी कोठावळ्याने दरवाजा उघडला, त्याच्यामागून सैन्यही आलं, पण त्याला कोठावळा काय करणार? चौथ्या खंडात हा गृहस्थ राणीच्या घोड्याला विष घालतो. त्या घोड्याने माझे दोन दिवस खाल्ले. बाजारात तपासणीला उभा असताना माझं सगळं लक्ष घोड्याकडे. एका दुकानदाराने घाबरत विचारलं, "साहेब, काही कमी आहे का?" मी म्हणालो, "घोडा मेला नाही पाहिजे, आणि याच्यावर बालंटही येता कामा नये." त्याने त्याच दिवशी दोन्ही तराजू नवे आणले.

हे सगळं घरातल्या घरात राहिलं असतं तर निभावलं असतं. पण आमच्या भिंती पातळ आणि माझा आवाज सरकारी. आधी खालच्या मजल्यावरच्या शिवणकाकू आल्या. त्या कपडे शिवतात. काज-बटणांचं काम घेऊन दारापाशी बसल्या. "तुमचं चालू द्या, मी ऐकत नाहीये," म्हणाल्या आणि तीन दिवसांनी मलाच विचारायला लागल्या की वैद्याला मूलबाळ किती. मग समोरच्या घरातले मोजणीसाहेब आले. साहेब जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेत. ऐकायला कमी येतं म्हणून माझ्या अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसत, आणि मांडीवर वही घेऊन टिपणं काढत; मागचं हुकलेलंही त्यांनी आईकडून ऐकून, खंड, पान, ओळ मला विचारून लिहून घेतलं. चौथ्या आठवड्यात आमच्या बैठकीच्या खोलीत चौदा माणसं होती आणि चपलांच्या ढिगात माझीच चप्पल मला सापडत नव्हती.

प्रत्येकाचा मला सल्ला. शिवणकाकू म्हणाल्या, "राणीचं वाचताना जरा आवाज बारीक काढा, बाई वाटत नाही ती." तळमजल्यावरचे एक गृहस्थ, जे सबंध खंडभर घोरत असत, म्हणाले की लढाया का गाळता, आम्ही लढायांसाठी येतो.

रोज पाळीवरून आली की बायको मला एकच प्रश्न विचारी. "आईंना विचारलंत का?"

"सांगतो गं. योग्य वेळ येऊ दे."

"मी सांगा नाही म्हणाले. विचारा म्हणाले."

"तेच ते."

"तेच ते नाहीये," ती म्हणे आणि हात धुवायला जाई. बायकांना शब्दांचा कीस पाडायची सवय असते, असं मी तेव्हा मानत होतो.

सहाव्या आठवड्यात लेकीचा फोन आला. आवाजात धाप. "बाबा, बातमी कळली का? अहो, कुणाकडे तरी दडपलेली आवृत्ती सापडलीये! त्यात कोठावळा आईसाठी औषध आणायला जातो! खंड दोन, पृष्ठ एकशे बारा, डावीकडचं पान, वरून नववी ओळ. आमच्या ऑनलाइन चाहते मंडळात नुसता हलकल्लोळ चाललाय. म्हणे पहिल्या छपाईत तसं होतं, नंतर प्रकाशकाने बदललं."

मला कळायचं ते कळलं. वरून नववी ओळ सांगणारा माणूस जगात एकच होता. मोजणीसाहेबांनी निवृत्तीनंतर घेतलेल्या फोनवरून चाहते मंडळात प्रवेश केला होता आणि आपली वही तिथे उतरवून काढली होती, चतुःसीमेसह. त्यावर तीन हजार लोक भांडत होते. निष्ठावंत पक्षातले कित्येक जण, बारा वर्षं हिणवून घेतल्यावर, आनंदाने रडले म्हणे.

दुसऱ्या दिवशी लेकीचा पुन्हा फोन. या वेळी आवाज थंड. "बाबा, त्या दुर्मिळ प्रतीचा फोटो आलाय. मुखपृष्ठावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे."

"असेल."

"तो डाग मी पाडलाय. बारावीत."

मी कपाटाचं दार लावून घेतलं.

"बाबा, तुम्ही खोटे पुरावे तयार केलेत? माझ्याच पक्षाच्या विरुद्ध? माझ्याच पुस्तकातून?" आणि मग जन्मदात्या बापाला ती जे म्हणाली ते इथे लिहितो, कारण मी काही लपवत नाही. ती म्हणाली, "गद्दार तुम्ही आहात."

फोन ठेवतोय तोवर मोजणीसाहेब दारात. चेहरा फुललेला. चाहते मंडळाचे अध्यक्ष, व्यवसायाने दातांचे डॉक्टर, येत्या शनिवारी प्रत तपासायला जातीने येणार होते. आणि शनिवारीच सकाळी आईचा नवा चष्मा मिळणार होता. "पहिलं काय करणार माहितीये?" आई आतून म्हणाली. "ते एकशे बारावं पान स्वतःच्या डोळ्यांनी वाचणार."

अध्यक्षांची मला भीती नव्हती, फार तर दात काढले असते. पण आई ते पान वाचणार, मी ते का बदललं हे तिला तेव्हाच कळणार, आणि मग बदलीचं, दादाचं, सगळंच. पुस्तक घरात नसेल तर प्रश्नच मिटेल, असं मला गुरुवारी दुपारी वाटलं. आता मला कुणी विचारलं तर सांगेन की दुपारी सुचलेल्या गोष्टी संध्याकाळपर्यंत करू नयेत.

मी दुसरा खंड पिशवीत घालून सार्वजनिक ग्रंथालयात गेलो. ग्रंथपालबाईंना म्हणालो, "हे चार दिवस ठेवून घ्याल का?"

"ठेवून घेण्याची सोय नाही," बाई म्हणाल्या. "दान करा किंवा परत न्या."

मी दान केलं. तीन प्रतींत अर्ज भरला. 'ग्रंथ देण्याचे कारण' या रकान्यात 'जागेची अडचण' असं लिहिलं. बाईंनी दाखल क्रमांक घातला, आभाराचं पत्र दिलं. घरी मोजणीसाहेबांना मी गंभीरपणे म्हणालो, "इतकी दुर्मिळ वस्तू स्वतःच्या कपाटात ठेवणं मनाला पटेना. समाजाची ठेव समाजाला दिली." साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाले, "तुम्हाला मी फार उशिरा ओळखलं." मी त्या रात्री छान झोपलो.

शुक्रवारी कार्यालयात आस्थापनेचा कारकून म्हणाला, "साहेब, सोमवारी तुम्हाला कार्यमुक्त करायचं. हुकुमाची मूळ प्रत जोडा."

"जोडतो की," मी म्हणालो, आणि मला चौघडी आठवली.

ग्रंथालयाला शुक्रवारी सुट्टी. मी बंद दारासमोर अर्धा तास उभा राहिलो. पाटीवरचे सगळे नियम वाचून काढले. नियम अकरा: दान केलेला ग्रंथ कोणत्याही सबबीवर परत मिळणार नाही. आमच्या खात्याच्या पुस्तिकेत असा कडक नियम असता तर मला अभिमान वाटला असता.

शनिवारी सकाळी चष्मा आणायला आईबरोबर जायचं होतं. मी म्हणालो, "मला एक तातडीचं काम आहे, शिवणकाकू नेतील." आणि ग्रंथालय उघडताक्षणी आत शिरलो.

"पुस्तकात माझा एक खाजगी कागद राहिलाय," मी म्हणालो.

"तो पाहिला आम्ही," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "त्यावरही शिक्का मारलाय. ग्रंथासोबत आलेलं सुटं पान ग्रंथाचाच भाग धरतात."

"बाई, तो माझ्या बदलीचा हुकूम आहे!"

"असेल. पण आता ती ग्रंथालयाची मालमत्ता आहे. परत हवी तर समितीकडे अर्ज करा. समिती दर तीन महिन्यांनी बसते. तोपर्यंत इथे बसून वाचायला हरकत नाही."

म्हणजे माझी बदली संदर्भ विभागात जमा झाली होती आणि मला ती घरी नेता येणार नव्हती. मी साहेबी आवाज काढून पाहिला, मग गरिबी आवाज काढून पाहिला. बाई ढिम्म. शेवटी खूप विनवण्या केल्यावर म्हणाल्या, "खरी नक्कल देता येईल. अर्ज करा. अर्जाचे छापील नमुने पलीकडच्या चौकातल्या दुकानात मिळतात." मी धावलो. दुकान उघडायचं होतं. दुकानदाराने मला लांबून ओळखलं आणि उघडलेलं अर्धं शटर परत खाली ओढलं. तपासणीला आलो असं वाटलं त्याला. त्याला पटवण्यात पाऊण तास गेला.

नमुना घेऊन परत आलो तर वाचनकक्षात माझी अख्खी बैठक. पुस्तक ग्रंथालयात आहे म्हटल्यावर मोजणीसाहेबांनी अध्यक्षांना थेट तिथेच बोलावलं होतं, आणि चष्म्याच्या दुकानातून आई नि शिवणकाकूही परस्पर तिथेच आल्या होत्या. माझ्याच त्यागाचं फळ. लांब टेबलाच्या एका टोकाला दातांचे डॉक्टर पांढरे हातमोजे घालून बसले होते. मोजणीसाहेब पट्टीने पुस्तकाची शिवण मोजत होते. आणि मध्ये आई. नव्या चष्म्यात तिचे डोळे मोठे दिसत होते. तिच्यासमोर एकशे बारावं पान उघडं होतं आणि तिच्या तळव्याखाली एक चौघडी केलेला कागद होता.

भिंतीवर पाटी होती, 'शांतता राखा'. म्हणून पुढचं सगळं कुजबुजीत झालं.

"इथे औषधाचं काहीच नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला होता. "माझ्या प्रतीत आहे तेच आहे. तो आईला टाकून जातो."

"पान कापलंय," मोजणीसाहेब म्हणाले. "मला संशय आहे. पण मोजणीत तर बसतंय."

डॉक्टरांनी टिपणाच्या वहीवरून मान वर केली. "मग हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

कुणी बोलायच्या आत आई म्हणाली, "मीच. डोळ्यांत औषधं घालून घालून मला गुंगी असायची हो. मी आपलं काहीबाही ऐकलं आणि तेच चार लोकांत बोलले. म्हातारपण."

हे बोलताना तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. चष्मा नाकावर सारखा केला आणि तळवा कागदावर तसाच ठेवला. माझी आई, जिने जन्मात कधी "ऐकू आलं नाही" म्हटलं नाही, ती माझ्यासाठी परक्या माणसासमोर स्वतःला भ्रमिष्ट ठरवत होती. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"मी बनवलं," मी कुजबुजलो.

"काय?" मोजणीसाहेबांनी कानाला हात लावला.

"ते मी बनवलं होतं," मी जरा मोठ्याने म्हणालो.

"कुणी बनवलं?"

"मी! मी बनवलं!" माझा सरकारी आवाज कक्षभर घुमला. "औषध मी बनवलं, वैद्य मी बनवला, घोडा मी वाचवला! पुस्तकात यातलं काही नाही! तो मेला खुशाल आईला टाकून जातो!"

"शांतता!" ग्रंथपालबाई ओरडल्या. पेपर वाचायला आलेली सहा माणसं पेपर खाली करून माझ्याकडे बघत होती.

डॉक्टरांनी हळूहळू हातमोजे काढले. बारा वर्षांचा निष्ठावंत माणूस तो. मला वाटलं आता बोलणार काहीतरी लागट. ते थोडे पुढे वाकले आणि म्हणाले, "मग... औषध घेऊन तो परत पोचतो का?"

"अजून तिथवर आलो नाही," मी म्हणालो.

"हो ना, घोड्यापाशीच थांबलोय," शिवणकाकू म्हणाल्या.

आई उठली. पुस्तक मिटून तिने ग्रंथपालबाईंच्या हातात दिलं, हुकूमही दिला, आणि मला म्हणाली, "चल बाहेर."

आम्ही पायऱ्यांवर बसलो. मी बोलायला सुरुवात केली. बढतीचं सांगितलं, चौथा मजला सांगितला, तिचे गुडघे सांगितले, दादाचं सांगितलं. वहिनीचंही चांगलं ते सांगितलं, ते लवकर संपलं. आई ऐकत होती आणि नव्या चष्म्यातून रस्त्यापलीकडच्या पाट्या वाचत होती.

मग म्हणाली, "एक सांग. जगभरची शहाणी माणसं बारा वर्षं भांडतायत, तो निष्ठावंत की गद्दार. त्या वेशीवर बसवलेल्या म्हातारीला एकाने तरी विचारलं का, की बाई, तुम्हाला कुठे जायचंय?"

"पुस्तकात तर नाही."

"आणि तू?"

मला बायकोचा आवाज ऐकू आला. मी सांगा नाही म्हणाले, विचारा म्हणाले. महिनाभर ती हेच म्हणत होती आणि मी शब्दांचा कीस समजत होतो.

"आई," मी म्हणालो, "तुला कुठे राहायचंय?"

"मला ना? माझ्या घरात," आई ताडकन म्हणाली. "दादाकडे मी जायची नाही, तिथे संध्याकाळी सातला सगळे टीव्ही लावतात. शिवणकाकू रात्री झोपायला येईल, तिच्या घरात नाहीतरी कपड्यांपायी पाय ठेवायला जागा नाही. तुम्ही दोघं जा खुशाल. बैठक बंद पडता कामा नये. आता चष्मा आलाय, मंडळींना खरं पुस्तक मी वाचून दाखवीन. लढायांसकट."

म्हणजे मी महिनाभर झोप घालवली, घोडा जगवला, सरकारी हुकूम गमावला, आणि इथे बाईंनी आधीच सगळी व्यवस्था लावून ठेवली होती. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं; पण मला वाईट वाटलं. आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही हे आईच्या तोंडून ऐकायला कुठल्या मुलाला आवडेल?

"बदलीचं तुला आज कळलं ना?" मी विचारलं.

"हुकूम आज वाचला. बाकी, शाई पुसट आहे म्हणालास ना, त्या दिवशीच काहीतरी आहे हे कळलं होतं. लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवतानाही तू हेच म्हणायचास." ती कठड्याला धरून उठली. "अर्ज भरलास का तो? चल, भर. सोमवारी नोकरीवर जायचंय ना?"

ग्रंथालयाने खरी नक्कल दिली. तिच्यावर दाखल क्रमांक आहे आणि 'पाने दुमडू नयेत' असाही शिक्का आहे. आस्थापनेच्या कारकुनाने ती उलटसुलट करून तीनदा पाहिली आणि फाइलला लावली. माझ्या सेवापुस्तकात ती कायमची राहणार. मोजणीसाहेबांनी मंडळात जाहीर माफी मागितली, तर पाचशे लोकांनी त्यांना कळवलं की पुढचं टिपण पाठवा, खरं नसलं तरी चालेल. लेक महिनाभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. मग एक दिवस तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, वैद्याचं पुढे काय झालं.

आम्ही आता इथे चौथ्या मजल्यावर राहतो. तिकडे बैठक जोरात आहे असं ऐकतो. आई लढाया फार छान वाचते आणि तळमजल्याचे गृहस्थ जागे असतात. ती बैठक आठला संपते. सव्वाआठला माझा फोन वाजतो. पहिल्या दिवशी मला वाटलं तब्येतीचं काही असेल. आई म्हणाली, "त्यांना वाचून झालं खरं पुस्तक. आता तू तुझं वाच."

तेव्हापासून रोज मी हातात काहीही न घेता वाचतो. मेव्हण्याच्या दुकानातला तराजू जप्त करणारा मी, बायकोसमोर बसून, धडधडीत, तोंडाला येईल ते वाचतो. काल कोठावळ्याला औषध मिळालं. बाटली घेऊन तो परत निघाला.

"कुठवर आला?" आईने विचारलं.

"अजून नदी उतरायची आहे. मग दोन डोंगर आहेत."

"सावकाश ये म्हणावं. म्हातारी आहे तिथेच," आई म्हणाली. "आणि ते औषध नाही मिळालं तरी चालेल. तिला चष्मा आलाय. लांबूनच दिसेल तो."

मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. शनिवारच्या दुपारच्या गाडीचं तिकीट मी सकाळीच काढून ठेवलं होतं.